उतारवयांतील गानसभा

मुंबईंत गिरगांवाजवळचा 'ऑपेरा हाऊस' हा भाग आमच्या बहुतेक वाचकांस नांवानें तरी परिचित आहे. तेथील रॉयल ऑपेरा हाऊस या नाट्यगृहाचें उद्घाटन १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें झालें. पुढें तेथें मराठी संगीत नाटकें झालीं, बोलपट दाखविले गेले. मग कित्येक वर्षें त्याचे दरवाजे बंद राहिले आणि २०१६ सालीं ते पुन्हां उघडले. परंतु ज्या कलेचें नांव त्या इमारतीस दिलेलें आहे ती कला म्हणजे काय, असें एखाद्या विद्यार्थ्यास विचारलें तर तो बहुधा गप्प बसेल. म्हणून त्या कलेची थोडीशी ओळख येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. मात्र ती करून देतांना एखाद्या तरुण गायकाच्या विजयाची हकीकत आम्ही सांगणार नाहीं. आयुष्यभर ऑपेरा गाइलेली वयोवृद्ध गायिका उत्सवी गानसभेंत श्रोत्यांपुढें उभी राहते तेव्हां ती काय गाते, आणि तेंच कां गाते, हें आम्ही पाहणार आहों. कारण कलेचें खरें स्वरूप भरतीपेक्षां ओहोटीच्या वेळीं अधिक स्पष्ट दिसतें, असें आम्हांस वाटतें.

ऑपेरा हें पाश्चात्य संगीत नाटक होय. त्याचा जन्म इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं इसवी सन १६०० च्या सुमारास झाला. आमच्या संगीत नाटकांत, उदाहरणार्थ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रां'त, संवाद गद्यांत असतात व मधून मधून पदें येतात. बहुतेक ऑपेरांत गद्य जवळ जवळ नसतेंच. निरोप सांगणें, भांडणें, दार ठोठावणाऱ्यास 'कोण आहे' म्हणून विचारणें, हें सारें गाऊनच होतें. या ओघांत एखाद्या ठिकाणीं कथा थांबते, आणि एखादें पात्र आपल्या अंतःकरणांतील गोष्ट पूर्ण गीताच्या रूपानें सांगतें. अशा गीतास 'आरिया' म्हणतात. आमच्याकडे नाटक विसरलें तरी त्यांतील पद लोकांच्या तोंडीं राहतें. त्याचप्रमाणें तिकडे आरिया नाटकापासून वेगळ्या काढून सभेंत गाण्याची चाल पडली. वेषभूषा नाहीं, पडदे नाहींत, सहपात्रें नाहींत. केवळ गायिका, वाद्यें आणि श्रोते. गानसभा ती हीच.

या कलेंतील मोठी अडचण ही कीं, ऑपेरागृहांत गायकाच्या मदतीस ध्वनिवर्धक नसतो. रंगमंचापुढील खोलगट जागेंत साठसत्तर वादक बसलेले असतात, त्यांच्यापलीकडे हजार दोन हजार श्रोते असतात, आणि एकट्या माणसाचा आवाज त्या वाद्यांना ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावा लागतो. हें नुसत्या ओरडण्यानें साधत नाहीं. वाद्यवृंदाच्या नादाचा जोर सेकंदास सुमारें पांचशें कंपनांच्या आसपास सर्वांत अधिक असतो. त्याच्या वर तो झपाट्यानें कमी होत जातो. शिक्षण घेतलेला पुरुषगायक आपल्या कंठाची पोकळी अशी राखतो कीं, त्याच्या आवाजांत तीन हजार कंपनांच्या आसपास एक विशेष तेज येतें. जेथें वाद्यें दुबळीं पडतात, नेमका तेथेंच त्याचा आवाज बळकट होतो. स्त्रियांच्या सर्वांत उंच आवाजास 'सोप्रानो' असें नांव आहे. सोप्रानो गायिका उंच स्वरावर जबडा अधिक उघडून मुखांतील पोकळीचा अनुनाद त्या स्वराशीं जुळवून घेते. दोघांनाहि श्वासावर पूर्ण ताबा लागतो, आणि तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीवांचून येत नाहीं.

आतां वय वाढलें म्हणजे काय होतें तें पाहूं. स्वरतंतू पूर्वीइतके लवचिक राहत नाहींत. कंठांतील कूर्चा कठीण होत जातात. एका श्वासावर लांबचा पल्ला गांठणें जड जातें. आणि स्वरांतील नाजूक कंप संथ व रुंद होऊन स्वर डळमळल्यासारखा वाटतो. सर्वांत आधीं निरोप घेतात ते उंच स्वर. आमच्याकडील गवयास यावर एक सोपा उपाय असतो. पूर्वीं काळी चारमध्यें गाणारा गवई पुढें काळी दोनमध्यें षड्ज लावतो. तंबोरे त्याप्रमाणें जुळवले जातात, राग तोच राहतो, आणि श्रोत्यांची कांहींच तक्रार नसते. ऑपेराच्या गायकास ही मोकळीक फारच थोडी असते. संगीतकारानें प्रत्येक वाद्याचे स्वर कागदावर लिहून ठेवलेले असतात. पट्टी उतरावयाची म्हणजे सर्व वादकांचे कागद बदलावयाचे. शिवाय ज्या एका उंच स्वरासाठीं श्रोते वाट पाहत बसलेले असतात, तोच हलका होतो. तेव्हां अशा गायकापुढें दोनच वाटा राहतात. तरुणपणच्या त्याच आरिया हट्टानें गात राहावयाचें आणि दरवर्षीं थोडथोडें हरत जावयाचें, ही एक. आपल्या आवाजाचा प्रामाणिक हिशेब मांडून गावयाच्या वस्तूच बदलावयाच्या, ही दुसरी.

ही दुसरी वाट सन्मानानें चालून गेलेल्या स्पेन देशांतील गायिका म्हणजे व्हिक्टोरिया दे लोस आन्हेलेस. या नांवाचा अर्थ 'देवदूतांची व्हिक्टोरिया' असा आहे. त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२३ रोजीं बार्सिलोना शहरीं, तेथील विद्यापीठाच्या इमारतींतच झाला. परंतु त्यांचे वडील प्राध्यापक नव्हते. त्या इमारतीची देखरेख करणारे ते एक सेवक होते आणि कुटुंबाचें बिऱ्हाड तेथेंच होतें. वर्ग सुटले, विद्यार्थी निघून गेले, म्हणजे ही मुलगी रिकाम्या दालनांत जाऊन गात असे, आणि त्या उंच छतांकडून तिचा आवाज तिच्याकडे परत येत असे. गिटार हें तिचें आवडतें वाद्य होतें. स्पेनमध्यें १९३६ पासून १९३९ पर्यंत यादवी युद्ध चालू होतें. तेव्हां ती शाळकरी वयाची होती. पुढें शहरांतील संगीतविद्यालयांत तिनें प्रवेश घेतला व सहा वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा केला.

यानंतर त्यांची कीर्ति लवकर पसरली. १९४५ सालीं बार्सिलोनाच्या लिसेऊ या प्रसिद्ध ऑपेरागृहांत मोझार्टच्या 'फिगारोचें लग्न' या ऑपेरांत त्यांनीं सरदारपत्नीची भूमिका केली. १९४७ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत त्यांस पहिलें बक्षीस मिळालें. १९५० सालीं लंडन, १९५१ सालीं न्यूयॉर्क, आणि १९६१ सालीं जर्मनींतील बायरॉइट येथें वाग्नरच्या ऑपेरांतील एलिझाबेथ, असा त्यांचा प्रवास झाला. एका सेवकाच्या कन्येस युरोप व अमेरिकेंतील थोर रंगभूमींनीं मानानें बोलावलें. परंतु आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. वयाची पन्नाशी गांठण्यापूर्वींच व्हिक्टोरियाबाईंनीं ऑपेरांतील भूमिका बऱ्याच कमी केल्या आणि आपला बहुतेक काळ गानसभांस दिला. या सभा सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहिल्या.

अशा सभेचा क्रम कसा असतो तें थोडक्यांत सांगतों. पूर्वार्धांत आरिया येतात. दोन आरियांच्या मध्यें वाद्यवृंद एखादी स्वतंत्र रचना वाजवितो. श्रोत्यांस ती मेजवानी वाटते, परंतु तिचा खरा उपयोग गायिकेच्या कंठास विसांवा मिळावा हा असतो. आरियांची निवडहि विचारानें केलेली असते. उदाहरणार्थ, फ्रेंच संगीतकार मासने याचा 'मानों' हा ऑपेरा १८८४ सालीं रंगभूमीवर आला. त्यांत एक तरुण मुलगी ऐश्वर्याच्या मोहानें आपल्या प्रियकराचें गरीब बिऱ्हाड सोडावयास निघते. निघतांना ती निरोप घेते तो एका लहानशा टेबलाचा, ज्यावर दोघें एकत्र जेवलीं. या आरियेंत डोळे दिपविणारा उंच स्वर नाहीं. ती मध्य सप्तकांत, जवळ जवळ बोलल्यासारखी, हळू गावयाची असते. व्हिक्टोरियाबाईंनीं हा संपूर्ण ऑपेरा १९५५ सालीं ध्वनिमुद्रित केला होता. विशीतील गायिका ही आरिया सुरेल गाऊं शकेल. परंतु साध्या घरगुती वस्तूचा निरोप घेणें म्हणजे काय, हें वय वाढल्यावांचून कळत नाहीं. येथें वय हें गायिकेचें वैरी नसून तिचा साथीदार होतें.

उत्तरार्धांत वाद्यवृंद जातो आणि पियानो येतो. आतां स्पॅनिश गीतें सुरू होतात. एका पियानोच्या साथीस गाण्यासाठीं आवाजावर ताण द्यावा लागत नाहीं; आणि अशा गीतांची पट्टी उतरून घेण्यास रिवाजाची आडकाठी नसते, कारण छापील पुस्तकेंच उंच व मध्यम अशा निरनिराळ्या आवाजांसाठीं वेगवेगळ्या पट्ट्यांत मिळतात. जी सोय आमच्या गवयास नेहमीं असते, ती पाश्चात्य गायिकेस येथें लाभते.

या गीतांत मान्युएल दे फाया या संगीतकाराच्या सात लोकगीतांस मानाचें स्थान आहे. फाया यांचा जन्म १८७६ सालीं कादिझ येथें झाला व १९४६ सालीं अर्जेंटिनांत त्यांचें देहावसान झालें. पॅरिसमधील वास्तव्याच्या अखेरीस, १९१४ सालीं, त्यांनीं स्पेनच्या निरनिराळ्या प्रांतांतील सात गीतें निवडून त्यांना पियानोची साथ बांधली. मुर्सिया प्रांताचें गीत खट्याळ व ठसकेबाज आहे. आस्तुरियसच्या गीतांत एक दुःखी जीव सांत्वनासाठीं पाइन वृक्षापाशीं जातो, आणि त्याचे अश्रू पाहून तें झाडच रडूं लागतें. आरागॉनचें गीत नाचाच्या तालावर आहे. पांचवें गीत म्हणजे अंगाई. तें इतकें हळू गातात कीं, मोठ्या सभागृहांतहि कोणी जवळ बसून मूल थोपटीत आहे असा भास व्हावा. आणि शेवटचें आंदालुसियाचें गीत म्हणजे कोणाजवळ बोलतां न येणाऱ्या वेदनेचा आकांत. तेथें पियानोच गिटारसारखा खणखणतो. सातहि गीतें मिळून पंधरा मिनिटेंसुद्धां लागत नाहींत. तेवढ्यांत गायिकेस सात निरनिराळीं माणसें व्हावें लागतें. उंच स्वरांपेक्षां येथें शब्दोच्चार, ताल आणि स्वभावाची जाण यांची परीक्षा असते, आणि या तिन्ही गोष्टी वयाबरोबर वाढूं शकतात.

दुसरे संगीतकार एन्रिके ग्रानादोस. चित्रकार गोया याच्या काळांतील माद्रिद शहराचें जीवन त्यांनीं गीतांतून उभें केलें. त्यांचा 'गोयेस्कास' हा ऑपेरा २८ जानेवारी १९१६ रोजीं न्यूयॉर्क येथें प्रथम झाला. त्यांत एक तरुणी रात्रीं बागेंत गाणाऱ्या बुलबुलाशीं बोलते. ऐन महायुद्धाचे ते दिवस होते. अमेरिकेहून परत येतांना २४ मार्च १९१६ रोजीं इंग्लिश खाडींत त्यांच्या आगबोटीवर जर्मन पाणबुडीनें पाणतीर सोडला, आणि ग्रानादोस व त्यांची पत्नी हीं दोघें बुडून मरण पावलीं. बुलबुलाचें तें गीत ऐकतांना स्पॅनिश श्रोत्यांच्या मनांत ही आठवण असतेच. यांखेरीज 'झार्झुएला' या प्रकारांतील गीतेंहि येतात. झार्झुएला म्हणजे ज्यांत गद्य संवाद व गीतें दोन्ही असतात असें स्पॅनिश संगीत नाटक. आमच्या संगीत नाटकाशीं त्याचें साम्य ऑपेराहून अधिक आहे. माद्रिदजवळील ज्या राजवाड्यांत सतराव्या शतकांत असे खेळ होऊं लागले, त्यावरूनच त्यास हें नांव मिळालें.

कार्यक्रम संपतो, परंतु लोक उठत नाहींत. आमच्याकडे 'वन्समोअर' मिळाला म्हणजे तेंच पद पुन्हां म्हणतात; तिकडे बहुधा कार्यक्रम संपल्यावर आणखी एखादें नवें गीत गातात. व्हिक्टोरियाबाई अशा वेळीं गिटार घेऊन एकट्याच बसत, आणि ग्रानादा शहराचा निरोप घेणारें 'अदिओस ग्रानादा' हें गीत स्वतःच्याच साथीवर गात. आधीं वाद्यवृंद गेला होता, आतां पियानोहि थांबला; उरली ती रिकाम्या दालनांत गिटार घेऊन गाणारी सेवकाची मुलगी. श्रोत्यांस सर्वांत प्रिय असलेला भाग बहुधा हाच होता.

या त्यागाचें फळ ९ ऑगस्ट १९९२ रोजीं साऱ्या जगानें पाहिलें. त्या वर्षीं ऑलिंपिक सामने बार्सिलोनांत भरले होते. त्या रात्रीं समारोप होता व ऑलिंपिकची ज्योत मालवावयाची होती. पंधरा दिवस तरुण देहांच्या वेगाचा व बळाचा गौरव झाला होता. आतां त्या क्रीडांगणावर अडुसष्ट वर्षांच्या व्हिक्टोरियाबाई उभ्या राहिल्या. त्यांनीं कोणतीहि आरिया गाइली नाहीं. त्यांनीं 'पक्ष्यांचें गीत' हें आपल्या कातालोनिया प्रांतांतील जुनें नाताळगीत गाइलें. ख्रिस्तजन्माच्या रात्रीं अपूर्व प्रकाश पाहून पक्षी आनंदानें गाऊं लागतात, असा त्या गीताचा आशय आहे. मात्र त्याची चाल आनंदाची असूनहि विलक्षण करुण आहे.

या गीतामागें मोठा इतिहास आहे. १९३९ नंतर जनरल फ्रांको यांच्या राजवटींत कातालान भाषेस सार्वजनिक व्यवहारांतून दूर सारण्यांत आलें. थोर चेलोवादक पाऊ कासाल्स स्वदेश सोडून गेले, आणि परदेशांतील आपल्या सभांच्या अखेरीस हीच धून वाजवूं लागले. वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, १९७१ सालीं, संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहांतहि त्यांनीं ती वाजविली. १९७३ सालीं ते वारले. स्वतंत्र वातावरणांतील मायभूमि त्यांस पाहावयास मिळाली नाहीं. १९९२ च्या सामन्यांत मात्र कातालान ही चार अधिकृत भाषांपैकीं एक होती. ज्या गावीं ती मुलगी जन्मली त्याच गावीं, त्याच भाषेंत, तेंच गीत ती वृद्धपणीं साऱ्या जगापुढें गाइली. त्यांत उंच स्वरांची चमक नव्हती व तिची कोणास आठवणहि झाली नाहीं. १५ जानेवारी २००५ रोजीं व्हिक्टोरियाबाईंचें बार्सिलोना येथेंच निधन झालें.

येथें एक आक्षेप घेतां येईल, व तो अगदींच चुकीचा नाहीं. आवाज ओसरला तर गायकानें गाणें थांबवावें, जुन्या कीर्तीच्या जोरावर तिकिटें विकूं नयेत, असें कित्येक जाणकार म्हणतात. जो गायक आपली उणीव ध्वनिवर्धकाच्या आड लपवितो, किंवा श्रोत्यांच्या प्रेमाचा फायदा घेऊन कच्चें गाणें पुढें करतो, त्याच्यापुरता हा आक्षेप आम्हांसहि मान्य आहे. परंतु ज्यानें आपल्याजवळ आज काय शिल्लक आहे हें नीट पाहिलें, जें गेलें त्याचा शोक न करतां तें सोडून दिलें, आणि जें उरलें तें पूर्ण तयारीनें श्रोत्यांपुढें ठेविलें, त्याचें गाणें ही दयेची वस्तु नव्हे. तें एक निराळें, परिपक्व फळ आहे. आंब्यास मोहोराचा वास नाहीं म्हणून कोणी तो टाकून देत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही आज ज्या वयांत आहां तें मिळविण्याचें वय आहे. धांवण्यांत, पाठांतरांत, गाण्यांत दरवर्षीं तुमची पायरी वर जाते, आणि म्हणून ज्यांची शक्ति उतरत आहे त्यांच्याकडे पाहण्याची तुम्हांस कधीं कधीं घाई होते. तुमच्यापैकीं अनेकांच्या घरीं आजी असेल. तिच्या आवाजांत कंप असेल, श्वास मध्येंच तुटत असेल. एखाद्या सायंकाळीं तिच्याजवळ बसा आणि तिला जात्यावरची एक ओवी किंवा तुमच्या आईस निजवितांना म्हटलेली अंगाई म्हणावयास सांगा. कंप मोजूं नका. ती कोणत्या शब्दावर थांबते, कोणत्या शब्दावर तिचा आवाज मऊ होतो, तेवढें ऐका. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, ही सभा एकदां तरी आपल्या घरीं भरवावी. तिला तिकीट नाहीं, वाद्यवृंद नाहीं, टाळ्यांचीहि गरज नाहीं. परंतु ती नेहमींच भरतां येईल अशी मात्र नाहीं.